टाकी फार घासू नका

झेब्रा माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याला नीट पोहता येत नाही. लांबी जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर. डोक्यावर चिकट स्राव सोडणाऱ्या काही पेशी असतात. त्यांच्या जोरावर ते जवळच्या पानाला, काचेला नाहीतर शेवाळाच्या धाग्याला डोकं टेकवून चिकटतं आणि तसंच लटकत राहतं. तोंडाची घडण अजून चालूच असते, आतडंही पुरतं तयार नसतं. कल्ले आकार घेत असतात, पण श्वास त्यांतून चालत नाही. प्राणवायू थेट कातडीतून आत झिरपतो. आणि तो इतका पुरेसा झिरपतो की हृदय नसलं तरी चालावं! ही अतिशयोक्ती नाही. झेब्रा माशांमध्ये ‘सायलेंट हार्ट’ नावाचा एक जनुकीय बदल सापडलेला आहे. तो असलेल्या पिल्लाचं हृदय एकदाही धडकत नाही आणि रक्त जागचं हलत नाही. तरी ते पिल्लू काही दिवस जिवंत राहतं, शेपटी हलवतं. देहच एवढासा, की कुठलीही पेशी बाहेरच्या पाण्यापासून फार लांब नसते.

हे सगळं बघायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. छत्तीसगडमधल्या दुर्ग-भिलाईच्या जुळ्या शहरांतल्या मोहन नगरसारख्या वस्तीत, हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेल्या दोन फुटी टाकीत ते घडू शकतं. टाकीत थोडी झाडं हवीत, सकाळचा उजेड हवा, आणि टाकी दर रविवारी घासूनपुसून लख्ख करण्याची हौस घरात कुणाला नको. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे असं माझं मत. मराठी घरात तर फारच.

झेब्रा मासा दुकानात अगदी स्वस्त मिळतो. पिशवीत चार-सहा टाकून देतात आणि गिऱ्हाईकही त्यांच्याकडे फारसं निरखून बघत नाही. पण हा मासा परदेशी नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली जो ग्रंथ छापला, त्यात याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. संथ ओढे, पावसाळी डबकी आणि भाताची खाचरं ही याची आवडती ठिकाणं. म्हणजे छत्तीसगडसारखा, तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. दुर्ग जिल्ह्यातल्या धमधा गावात ‘छै आगर छै कोरी’ तळी होती असं सांगतात. कोरी म्हणजे वीस, तेव्हा सहा विसा एकशेवीस आणि वर सहा, एकूण १२६. अशा तळ्यांत वाढणारी हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम ही झाडंच आज ॲक्वेरियमच्या दुकानात जुडीनं विकायला असतात.

जॉर्ज स्ट्राइसिंजर या शास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात झेब्रा माशाचे क्लोन तयार केले आणि १९८१ साली ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हापासून हा भाताच्या खाचरातला मासा जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्या पिल्लांवरून कातडी कशी घडते हे शोधतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या मणक्यांमधल्या चकत्या पुन्हा कशा भरून येतात याचा अभ्यास झाला आहे. एवढी चाकरी या माशाकडून करून घेतात त्याचं मुख्य कारण म्हणजे अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि आरपार दिसतं. दहा-वीस पट मोठं दाखवणारं साधं भिंग असेल तर शाळेतलं पोरही ते बघू शकतं.

अंडी पहाटे पडतात. उजेड झाला की नर माद्यांच्या मागे लागतात आणि झाडांच्या दाटीत ढकलत नेऊन त्यांना अंडी टाकायला लावतात. एका मादीची एका सकाळी शंभर-दोनशे अंडी सहज होतात. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, पारदर्शक, न चिकटणारं. ते सरळ तळाशी जातं. आणि मग अंडी टाकणारेच आईबाप खाली येऊन ती खायला सुरुवात करतात. यात क्रौर्य शोधू नये. माशाला ते समोर पडलेलं अन्न दिसतं, एवढंच. म्हणून तळाशी जावा मॉस या पाणवनस्पतीची जाड गादी असावी. अंडी त्यात शिरतात, मोठ्यांची तोंडं शिरत नाहीत. त्याहून खात्रीचं म्हणजे दुपारच्या आत मॉससकट अंडी उचलून दुसऱ्या, आधीपासून झाडं लावून मुरलेल्या छोट्या टाकीत नेणं. ‘मुरलेली’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पाणी साडेअठ्ठावीस अंश सेल्सिअस असेल तर फळलेल्या अंड्यातली पहिली पेशी पाऊण तासात दुभंगते. मग दर पंधरा मिनिटांनी दोनाच्या चार, चारांच्या आठ, आठाच्या सोळा. तीन तासांत हजारेक पेशी होतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाहावं, तर डोळ्यांची जागा कळते, शेपूट झटके देते आणि हृदय धडधडताना दिसतं. काल सकाळी जी एक पेशी होती, तिला आज नाडी आहे. जी अंडी फळलेली नसतात ती पांढरी पडून त्यांच्यावर बुरशी धरते. ती ड्रॉपरनं रोज उचलून टाकावीत, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. दोन ते तीन दिवसांत पिल्लू स्वतःच एक विकर सोडून अंड्याचं कवच आतून पातळ करतं आणि शेपटीच्या धडकेनं बाहेर येतं.

झाडांच्या दाटीत अंडी टाकणाऱ्या माशांचा विषय निघाला, म्हणून एका मराठी माणसाचं काम इथं सांगायलाच हवं. चं. वि. कुलकर्णी हे मुंबई इलाख्याच्या मत्स्यखात्यातले शास्त्रज्ञ. पुढे लोणावळ्याला टाटांच्या धरणांवर महसीर माशाचं बीज तयार करण्याच्या कामामुळे ते प्रसिद्ध झाले. त्यांनी १९४० साली पश्चिम किनाऱ्याच्या खाड्या-ओहोळांतला एक जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, जवळजवळ आरपार दिसणारा मासा जगापुढे आणला. डॉ. होरा आणि डॉ. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांच्या नावांवरून त्याचं नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाय. या माशाच्या नराचा गुदपर लांबून एक अवजार बनलेला असतो. त्यानं तो शुक्राणूंची काटेरी टोकाची कुपी मादीच्या अंगाला रोवतो. अंडी पोटातच फळतात, पण पिल्लं पोटात वाढत नाहीत. मादी ती फळलेली अंडी पाणवनस्पतींना चिकटवून निघून जाते. अंडी घालणारे मासे आणि पिल्लं देणारे मासे या दोन ठरलेल्या खान्यांच्या बरोबर मधे बसलेला हा मासा. आणखी एक गंमत म्हणजे त्याच्या मादीला उजव्या बाजूचा पोटपर नसतोच. आता त्याला आशियाई ‘राइसफिश’च्या कुळात, ओरायझिअस या प्रजातीत धरतात. आपल्या खाडीत असं काही आहे हे आपल्या शाळांच्या पुस्तकांत मला कधी सापडलं नाही.

पुन्हा आपल्या लटकलेल्या पिल्लाकडे. पोटाखालची बलकाची पिशवी म्हणजे त्याची शिदोरी, आणि ती दोन-तीन दिवसांची. या काळात त्याला काहीही खायला घालू नये. घातलेलं अन्न फक्त पाणी नासवतं. या दिवसांत त्याचं एकच काम असतं, एकदा पृष्ठभागापर्यंत पोहोचून हवेचा घोट घेणं. त्या घोटानं पोटातली हवेची पिशवी फुगते आणि मगच त्याला पाण्यात मधल्या उंचीवर तरंगता येतं. ज्याला हा घोट मिळाला नाही ते तळाशी खुरडत राहतं आणि बहुधा उपाशी मरतं. झाडाची पानं इथे जिन्याचं काम करतात. पिल्लू थोडं वर झटका मारतं, पानाला चिकटून दम घेतं, पुन्हा झटका मारतं. मोकळ्या काचेच्या टाकीत हा आधार मिळत नाही.

आणि वर पोहोचल्यावरही एक अडथळा असू शकतो: पाण्यावरचा तेलकट पापुद्रा. स्वयंपाकघर हॉलला लागून असेल तर फोडणीच्या धुरातलं तेल टाकीच्या पाण्यावर बसतं. आपल्याला ते नुसतं चकाकताना दिसतं. तीन मिलिमीटरच्या जिवाला त्यातून तोंड बाहेर काढता येत नाही. म्हणून पाण्यावर कागद टेकवून तो थर उचलून घ्यावा आणि टाकीवर काच झाकावी. गंमत अशी, की मत्स्यबीज तयार करणारे शेतकरी मुद्दाम असाच तेलाचा थर तयार करतात. रोहू-कटल्याचे मत्स्यजिरे, म्हणजे अगदी लहान पिल्लं, संगोपन तळ्यात सोडण्याच्या आदल्या दिवशी ते पाण्यावर तेल आणि साबणाचं मिश्रण पसरवतात. हेक्टरी ५६ किलो तेल, १८ किलो साबण, असं प्रमाण पुस्तकांत दिलेलं असतं. पिल्लं खाणारे पाणकिडे श्वासाला वर येतात आणि तेलाखाली गुदमरून मरतात. थर विरला की मगच जिरे सोडतात.

अंडं पडल्यापासून पाचव्या दिवसाच्या आसपास बलक संपतो आणि पिल्लाला शिकार करावी लागते. इथं बहुतेक घरांत बहुतेक पिल्लं मरतात. समुद्रातही तसंच होतं. नॉर्वेच्या योहान यॉर्टनं १९१४ साली मांडलं होतं की एखाद्या वर्षी समुद्रात मासे उदंड येतील की दुष्काळ पडेल, हे पिल्लांना बलक संपल्या क्षणी योग्य अन्न मिळतं की नाही यावर ठरतं. अन्न असूनही ती का मरतात, याचं उत्तर शंभर वर्षांनी भौतिकशास्त्राकडून मिळालं.

पाणी पातळ आहे असं आपण समजतो, कारण आपण मोठे आहोत. तीन-चार मिलिमीटरच्या देहाला तेच पाणी, आपल्याला काकवीच्या हौदात पोहायला लावावं तसं, चिकट लागतं. शेपूट हलवणं थांबलं की पिल्लू तिथल्या तिथे थांबतं. घसरत पुढे जाणं हा प्रकारच नाही. मोठा मासा तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. पिल्लू हेच करायला जातं तेव्हा चिकट पाणी नीट आत येत नाही आणि भक्ष्य तोंडासमोरून निसटतं. इस्रायलच्या संशोधकांनी समुद्रातल्या ब्रीम माशाच्या पिल्लांवर हे तपासलं आणि २०१४ साली प्रसिद्ध केलं. मोठ्या झालेल्या पिल्लांना मुद्दाम घट्ट केलेल्या पाण्यात सोडलं, तेव्हा तीही लहान पिल्लांइतकीच चुकू लागली. म्हणजे दोष अनुभवाचा नव्हता, आकाराचा होता.

एवढं समजलं की पिल्लांच्या खाण्याचा सगळा हिशोब उलगडतो. पिल्लू अन्नाच्या शोधात टाकीभर फिरू शकत नाही आणि त्याचे बरेच घाव फुकट जातात. तेव्हा अन्न त्याच्या नाकासमोर, दाट आणि सतत हवं. शिवाय ते जिवंत आणि हलणारं हवं, कारण पिल्लू डोळ्यांनी शिकार करतं. भक्ष्य दिसलं की त्याचे दोन्ही डोळे आतल्या बाजूला वळतात आणि एकाच बिंदूवर रोखले जातात. मग शेपटीचं फक्त टोक एका बाजूला वाकवून ते देह हळूच नेमका भक्ष्याच्या रेषेत आणतं, आणि झडप घालतं. या डोळ्यांत अतिनील किरणं टिपणाऱ्या पेशींची दाटी अगदी नेमक्या जागी असते, त्यामुळे उन्हात तरंगणारे सूक्ष्मजीव त्याला लखलखत दिसतात. पाच दिवसांचं वय, आणि ही सगळी तयारी घेऊन ते बसलेलं असतं. काळोखात मात्र यातलं काहीच चालत नाही, म्हणून रात्री खाऊ घालू नये.

त्याच्या तोंडात मावेल असं भक्ष्य म्हणजे पॅरामिशिअमसारखे एकपेशी जीव, लांबी एक पंचमांश मिलिमीटरच्या आसपास. ॲक्वेरियमवाले यांच्या घोळक्याला इन्फ्युझोरिया म्हणतात. ते घरी तयार करायला काही लागत नाही. धानाचा पेंढा, ज्याला इकडे छत्तीसगडात पैरा म्हणतात, मूठभर घ्यावा, उकळून गार केलेल्या पाण्याच्या बरणीत टाकावा, आणि त्यात मुरलेल्या टाकीतलं कपभर पाणी आणि झाडाची एखादी कुजकी काडी घालावी. पाणी आधी दुधाळ होतं आणि वास मारतं. ते जिवाणू. मग तीन-चार दिवसांनी पाणी हळूहळू निवळतं, कारण जिवाणूंना खाणारे एकपेशी जीव वाढलेले असतात. बरणी उन्हाच्या तिरिपेला धरली की पांढरी धूळ इकडून तिकडे फिरताना दिसते. डच कापडव्यापारी लेवेनहूकनं १६७०च्या दशकात आपल्या हातानं घासलेल्या भिंगातून असले जीव पहिल्यांदा पाहिले. पैऱ्याच्या बरणीसमोर बसलेल्या कुणालाही ते आजही पाहता येतात.

उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घालायचा सल्ला दुकानदार हटकून देतो. चालतो, पण थेंबभरच. जास्त झाला की संध्याकाळपर्यंत पाणी नासतं. मला तो उपाय आवडत नाही, कारण बलकाचे कण हलत नाहीत. पिल्लं त्यांच्याकडे ढुंकून पाहात नाहीत आणि ते तळाशी कुजत बसतात.

पण बरणी आणि बलक या दोन्हींच्या आधी एक कोठार भरलेलं असतं, आणि ते म्हणजे मुरलेली टाकीच. झाडं लावून दोन-अडीच महिने झालेल्या टाकीत प्रत्येक पानावर, मॉसच्या प्रत्येक धाग्यावर, काचेवर, दगडावर एक बुळबुळीत थर धरतो. आपण त्याला घाण म्हणतो. त्यात जिवाणू, सूक्ष्म शेवाळ, एकपेशी जीव आणि चक्रधर प्राणी म्हणजे रोटिफर अशी वस्ती असते आणि ती चोवीस तास वाढत असते. पिल्लू जिथं चिकटलेलं असतं तिथंच त्याच्या नाकासमोर अन्न उगवत असतं. पाण्यात अन्न शोधत फिरता न येण्याचा पिल्लाचा जो तोटा, तो इथं भरून निघतो. देशी बदामाचं एखादं वाळलेलं पान टाकीत सोडलं तर ते हळूहळू कुजत या वस्तीला खत पुरवतं. पाणी चहाच्या रंगाकडे झुकतं, त्याची काळजी करू नये. संगोपन तळ्यात जिरे सोडण्याआधी शेतकरी शेणखत टाकून पाणी हिरवं करून घेतात, तेही याच कारणासाठी. नव्या, चकचकीत, कालच भरलेल्या टाकीत सोडलेली पिल्लं आपल्याला स्वच्छ पाण्यात दिसतात. प्रत्यक्षात ती उपाशी असतात.

आठ-दहा दिवसांनी तोंड पुरेसं मोठं झालं की आर्टेमियाची वेळ येते. खाऱ्या सरोवरांतला हा कोळंबीचा दूरचा भाऊबंद. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याची वाळलेली अंडी डबाबंद होऊन जगभर जातात. तपकिरी भुकटी, हाताला पीठ लागावं इतकी बारीक. आतला जीव ट्रेहॅलोज नावाच्या साखरेच्या आधारानं जवळजवळ सगळं पाणी सोडून वर्षानुवर्षं थांबून राहतो. १९७२ साली अपोलो १६ आणि १७ या चांद्रयानांतून ही अंडी अवकाशात नेऊन आणली, वैश्विक किरणांचा परिणाम तपासायला. ज्या अंड्यांना जड कणांचा मार बसला त्यांचं नुकसान झालं, बाकीच्यांतून पिल्लं बाहेर आली. घरी मात्र एवढंच करायचं: लिटरभर पाण्यात दीड-दोन मोठे चमचे मीठ, चिमूटभर अंडी, खालून हवेचे बुडबुडे आणि वर दिवा. एका दिवसात अर्ध्या मिलिमीटरचे नारिंगी जीव उजेडाकडे गोळा होतात. ते बारीक कापडात गाळून, गोड्या पाण्यानं खंगाळून टाकीत सोडावेत. ते फुटल्याबरोबर द्यावेत, कारण त्यांच्या पोटातही बलक असतो आणि तो तासातासानं संपत जातो. खाल्लेल्या पिल्लाचं पोट बाहेरून नारिंगी दिसतं. कोण जेवलं आणि कोण राहिलं, हे एका नजरेत कळतं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरतो, तेव्हा थोडा थोडा, दिवसातून चार-पाच वेळा.

एवढं खाणं म्हणजे तेवढीच विष्ठा, आणि विष्ठेतून अमोनिया. अमोनियाचं विषारीपण पाण्याच्या पीएचवर ठरतं. पंचवीस अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एकाहून कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच शेकडा पाचांवर जातो. बोअरच्या जड पाण्यात हा फरक जिवावर बेततो. झाडं अमोनियम आवडीनं शोषून घेतात, उरलेलं जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात. हे काम करणारे जिवाणू कोणते, याबद्दल पुस्तकांतली माहिती बरीच वर्षं चुकीची होती. टाकीतलं नायट्राइट नायट्रोबॅक्टर नव्हे तर नायट्रोस्पायरा संपवतो, हे १९९८ साली कळलं. आणि २०१५ साली असाही नायट्रोस्पायरा सापडला, जो अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच करतो. त्याचा एक वाण मिळाला तो मासे पाळण्याच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये.

पिल्लांच्या टाकीला फिल्टर म्हणून हवेवर चालणारा साधा स्पंज पुरतो. मोटारीचा फिल्टर पिल्लांनाच ओढून घेतो. स्पंजवरही तोच बुळबुळीत थर धरतो आणि पिल्लं त्याला टोचत बसतात. पाणी रोज थोडंसं, दहाव्या हिश्शाइतकं बदलावं. सलाईनची नळी घेऊन, तिच्या तोंडाला कापड बांधून, चाकानं धार बारीक करून काढलं की एकही पिल्लू जात नाही. नवं पाणी तसंच थेंबथेंब घालावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवलेलं असावं, कारण कातडीतून श्वास घेणाऱ्या जिवाला ते आपल्या कल्पनेपेक्षा जास्त झोंबतं.

मे महिन्यात इकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. झेब्रा उष्णता बरीच सोसतो, पण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, तर पस्तीसला सातच्याही आत. त्यात रात्री झाडंही प्राणवायू घेतात. पहाटेची वेळ सर्वांत अडचणीची, म्हणून हवेचा पंप रात्री बंद करू नये. बुडबुडे फक्त मंद ठेवावेत, जोराच्या प्रवाहात पिल्लांची ताकद वाया जाते. टाकीवरची काच दुपारी थोडी सरकवून वर कूलरचा वारा येऊ दिला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं.

तळ्यातून आणलेल्या झाडांबरोबर शत्रूही येतात. टाचणी आणि चतुर यांच्या अळ्या पिल्लं सहज फस्त करतात. त्या दिसतात तरी. हायड्रा दिसत नाही. पानाच्या कडेला अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा पांढरट धागा, टोकाला चार-सहा तंतू, त्या तंतूंत विषारी डंख. आर्टेमिया द्यायला लागलं की तो झपाट्यानं वाढतो आणि लहान पिल्लंही धरतो. त्याचा राग येतो, पण जरा भिंग घेऊन पाहावं. त्याचे दोन तुकडे केले तर दोन हायड्रे होतात. पुण्याच्या ज्या आघारकर संस्थेत झेब्रा माशांवर काम होतं, तिथंच हायड्रावरही वर्षानुवर्षं संशोधन झालं आणि पुण्यात सापडलेल्या वाणाचं वर्णन २०११ साली ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ या नावानं प्रसिद्ध झालं. आपल्या टाकीत मात्र झाडं आधी बादलीत आठवडाभर वेगळी ठेवून, निरखून मगच लावावीत.

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांच्या अंगावर पट्टे उमटायला लागतात. हे पट्टे आधीपासून आखून ठेवलेले नसतात; काळ्या, पिवळ्या आणि चंदेरी रंगपेशी एकमेकींना ढकलत, ओढत आपापल्या जागा ठरवतात. त्याच सुमाराला आत आणखी एक गोष्ट ठरत असते. झेब्राच्या सगळ्या पिल्लांत आधी अंडाशयासारखाच अवयव तयार होतो. पुढे काहींमध्ये तो विरतो आणि त्याच्या जागी वृषण बनतं. रानातल्या झेब्रा माशांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं असतात, पण पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत पाळलेल्या वाणांत ती व्यवस्था हरवलेली आढळली. तिथं बाहेरची परिस्थितीही निकाल फिरवू शकते. दाटी झाली, खाणं कमी पडलं, प्राणवायू कमी झाला किंवा पाणी फार तापलं की नर जास्त होतात. म्हणजे मे महिन्यात एकाच छोट्या टाकीत शंभर पिल्लं कोंबून वाढवली, तर दिवाळीला अंडी घालणाऱ्या माद्या शोधाव्या लागतील. पट्टे दिसायच्या आतच त्यांची दोन-तीन टाक्यांत वाटणी करावी, आणि त्या नव्या टाक्याही आधीच महिना-दोन महिने झाडं लावून मुरवून ठेवलेल्या असाव्यात.